न उघडलेल्या ड्रमवर सही

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लेकरं गेली, त्या बातम्यांनंतर तुझी आई नातवाला खोकल्याचं औषध द्यायला तयार नाही, आणि तू औषधाच्या कारखान्यात केमिस्ट असूनही तिला छातीठोकपणे काही सांगू शकत नाहीस. "काका, विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सरकारवर की कंपनीवर?" असं विचारलंयस. आणि शेवटी जाता जाता लिहिलंयस की प्रोपिलीन ग्लायकॉलचे बारा ड्रम आले, नमुना एकाचाच निघाला आणि साहेब बाराही ड्रमांच्या कागदावर सही मागताहेत.

मला त्या शेवटच्या ओळीबद्दलच बोलायचंय.

प्रोपिलीन ग्लायकॉल आणि डायइथिलीन ग्लायकॉल दोन बाटल्यांत शेजारी ठेवून बघ. दोन्ही पाण्यासारखी नितळ, दोन्ही जराशी दाट, दोन्हीची चव गोडसर. एकात औषध विरघळतं, दुसऱ्यानं मूत्रपिंड निकामी होतं. ड्रमवरचं लेबल छापता येतं, पुरवठादाराचं प्रमाणपत्रही छापता येतं. आत काय आहे ते फक्त नमुना सांगतो. त्या विषाची मर्यादा ०.१ टक्का आहे. छिंदवाड्यातल्या त्या सिरपच्या, कोल्ड्रिफच्या, नमुन्यात ते ४८.६ टक्के निघालं. २०२५च्या त्या दिवसांत छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची लेकरं इथे नागपूरला आणत होते. लघवी बंद झालेली, चार-पाच वर्षांची. वीसहून जास्त गेली.

त्याच ऑक्टोबरात केंद्राकडून आधी सांगितलं गेलं की तपासलेल्या नमुन्यांत विष नाही. मग तमिळनाडूच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. लोक म्हणतात सरकार खोटं बोललं. मी तसं म्हणणार नाही. "तपासलेल्या नमुन्यांत नाही" हे वाक्य घराघरांत "औषधात नाही" होऊन पोचलं. न तपासलेल्या बाटलीबद्दल कुणी काही बोलायलाच नको होतं. तुझ्या अकरा ड्रमांचंही तेच आहे.

१९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण ग्लिसरीनमधल्या याच विषानं दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासन, रुग्णालय, मंत्रालय, कुणालाच सोडलं नाही. मी तेव्हा औषध निरीक्षकाच्या नोकरीत नवा होतो. तो अहवाल वाचून वाटलं होतं, आता हे पुन्हा होणं नाही. जवळपास चाळीस वर्षं झाली.

तू विचारतेस, कंपनीचा हेतू काय असेल. अगं, हेतू कुठल्या यंत्रात घालून तपासणार आहेस? मालक देवमाणूस असेल, साहेब कर्जबाजारी असेल, निरीक्षक प्रामाणिक असेल. असू दे. माणसाचं मन तपासता येत नाही, ड्रम तपासता येतो. न उघडलेल्या ड्रमवर सही करायची नाही.

हे मी कशाच्या जोरावर सांगतो ते ऐक. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका छोट्या कारखान्याची तपासणी होती. संध्याकाळ झालेली, वीज गेलेली, कच्च्या मालाचं गोदाम वरच्या मजल्यावर. मालक सज्जन, मी त्यांना ओळखत होतो. वर गेलो नाही. "गोदाम पाहिले, व्यवस्थित आढळले" असं लिहून सही केली. काही महिन्यांनी तिथलंच एक सिरप अप्रमाणित निघालं. खटला मीच भरला. कोर्टात त्यांच्या वकिलाने माझाच तपासणी अहवाल मला वाचायला लावला. उभ्याउभ्या तीन वेळा वाचला. आरोपी सुटले. त्यांना माझ्या सहीने सोडवलं.

त्यानंतर न पाहिलेल्या एकाही गोष्टीवर मी सही केली नाही. बदल्या झाल्या, पाच वर्षांत तीन. तुझ्या काकूने दोन्ही मुलं एकटीने वाढवली. धाकटा अजून म्हणतो, "बाबा, तुमच्या हट्टाने काय बदललं?" त्याला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पण माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी उघडलेल्या ड्रमांतून कुणाचं लेकरू वाचलं असेल, तर ते कधी कळणारच नाही. या कामाची पावती मिळत नसते. ते आधी मान्य कर आणि मग रडायला बस.

आईला "सरकारवर विश्वास ठेव" म्हणू नकोस, "कंपनीवर ठेव"ही म्हणू नकोस. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेच सांगितलंय, तेव्हा तिची शंका वेडगळ नाही. तिला बॅच नंबर वाचायला शिकव. आणि औषध कायद्याचं कलम २६ सांग: विकत घेतलेलं औषध कोणीही साधा माणूस फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. किती जणांना हे ठाऊक आहे? विश्वास उडाला म्हणून सगळे ओरडतात, तपासायला कोणी जात नाही.

साहेब म्हणतील, बॅच थांबली तर नुकसान होईल. थांबू दे. तोंडी वाद घालू नकोस. "एक ड्रम तपासला, अकरा बाकी" एवढंच लिही, तारीख आणि वेळ टाक, खाली सही कर. ती सही बिनधास्त कर, कारण तेवढं तू पाहिलंयस. नोकरी गेली तर माझ्याकडे ये, दोन-चार ठिकाणी मी अजून शब्द टाकू शकतो. पण बाराच्या कागदावर सही करून आलीस तर मला ते सांगू नकोस, मला सहन होणार नाही.

उद्या अकरांचे नमुने निघाले की रात्री फोन कर. कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
काका