वाचकांचे प्रश्न : परदेशी पैसा, गावची जमीन

प्रश्न : आमच्या खाडीलगत येणाऱ्या प्रकल्पाच्या कंपनीत युरोपातल्या एका पेन्शन फंडाचे थोडे शेअर आहेत. एवढ्याशा हिश्श्यावर त्या फंडाला जाब विचारता येतो का?

उत्तर : येतो. ओडिशात जगतसिंहपूरला पोस्को या कोरियन कंपनीचा पोलाद प्रकल्प व्हायचा होता. जमिनीसाठी पानमळे मोडायला लागल्यावर २०१२ साली संघटनांनी कोरियाबरोबर नेदरलँड्स आणि नॉर्वेतही तक्रार गुदरली, कारण तिथल्या पेन्शन फंडांकडे पोस्कोचे शेअर होते. नॉर्वेच्या फंडाचा हिस्सा तर एक टक्क्याच्याही आत. ‘आम्ही छोटे भागधारक, आम्हाला हे लागू नाही’ असं त्याचं म्हणणं. नॉर्वेच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राने (कंपन्यांविरुद्धच्या अशा तक्रारी घेणारी यंत्रणा) २०१३ मध्ये ते फेटाळलं आणि बालमजुरी सोडली तर, गुंतवलेल्या कंपन्यांत मानवी हक्कांना धोका दिसल्यावर काय करायचं याचं धोरणच फंडाकडे नाही, असा ठपका ठेवला. कोरियातल्या केंद्राने मात्र तक्रार पुढे नेलीच नाही. केंद्राकेंद्रात एवढा फरक पडतो.

ही केंद्रं ओईसीडीच्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या, बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली चालतात. ती तत्त्वं स्वीकारलेल्या देशांत भारत नाही, म्हणून तक्रार फंडाच्या देशात करायची.

आधी हिस्सा सिद्ध करा. कंपनी इथल्या शेअर बाजारात असेल तर तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये एक टक्क्यावरच्या भागधारकांची नावं मिळतात. त्याखालचे फंड त्यात दिसत नाहीत. त्यांची स्वतःची गुंतवणूक यादी पाहा. नॉर्वेचा फंड ती जाहीर करतो. मग फंडाला पत्र लिहा : गट नंबर, नोटिशीची तारीख, ग्रामसभेचा ठराव, किती घरं. पत्राची पोच आणि आलेलं (किंवा न आलेलं) उत्तर हाच पुढे मुख्य पुरावा ठरतो. तक्रारी इथेच ढेपाळतात. कंपनीने काय केलं यावर पानंच्या पानं, आणि फंडाला ते कधी कळलं यावर एक ओळही नाही.

प्रश्न : यातून भरपाई मिळते का?

उत्तर : संपर्क केंद्र भरपाईचा हुकूम देऊ शकत नाही. ते मध्यस्थी करतं, नाही जमलं तर निवेदन काढतं.

कोर्टाचं उदाहरण कच्छमधल्या मुंद्र्याचं. तिथल्या टाटांच्या कोळसा वीजप्रकल्पाला जागतिक बँक गटातल्या आयएफसीने ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. मच्छीमारांनी २०११ मध्ये आयएफसीच्याच लोकपालाकडे, म्हणजे सीएओकडे, तक्रार केली; त्याने २०१३ मध्ये आयएफसीच्या चुका दाखवल्या. मग अमेरिकेत खटला. २०१९ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय ७ विरुद्ध १ मतांनी म्हणालं, आयएफसीला खटल्यांपासून सरसकट संरक्षण नाही. मच्छीमार जिंकले खरे, पण पुढच्याच वर्षी खालच्या कोर्टाने ‘खटल्याचा गाभा अमेरिकेत घडलेला नाही’ म्हणून दावा काढून टाकला आणि २०२१ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं.

तुमच्या प्रकल्पात आयएफसीचा पैसा असेल तर सीएओकडे मराठीतही लिहिता येतं, नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. फक्त कर्ज फिटायच्या आत लिहा.