मतं न मागता पुन्हा त्याच दारी

प्रश्न : ताई, २०२४च्या विधानसभेला महिनाभर दारोदार फिरले. निकाल लागल्यापासून कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. पुन्हा कशासाठी उभं राहायचं?
– एक कार्यकर्ती, भंडारा जिल्हा

उत्तर : अगं, तू भंडाऱ्याची, म्हणून तिथलंच सांगते. १९५२मध्ये बाबासाहेब मुंबईतून लोकसभेला हरले. १९५४मध्ये तुमच्या भंडाऱ्यातली पोटनिवडणूकही हरले. त्याआधी १९५१मध्ये हिंदू बायकांना वारसा, लग्न, घटस्फोटात हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडलं, म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. तेच बिल १९५५-५६मध्ये वेगवेगळे कायदे होऊन आलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतका हक्क मात्र महाराष्ट्रात १९९४ला मिळाला, देशभर २००५ला. किती उशीर! तो मला आजही खुपतो. माझी आई वाट पाहतच गेली. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, तेव्हा तलाठ्यासमोरच मला रडू फुटलं.

तूही रड, घाई नको. मग ज्या बाया दारात तुझ्याशी मनापासून बोलल्या, त्यांच्याकडे मतं न मागता जा. कुणाचं रेशन अडलंय, कुणाची रोजगार हमीची मजुरी थकलीय, वहीत लिहून घे. पुढच्या ग्रामसभेला त्यातल्या दोघींना सोबत ने. काय झालं ते मला नक्की कळव.