चोराच्या हातांना काम दे

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीचा खर्डा सावकाश वाचला. तिजोरीचा प्रसंग फार जमलाय. चोर दाराला कान लावून पहारेकऱ्याचा श्वास संथ होण्याची वाट पाहतो, मंत्र पुटपुटतो आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर होतात. कुलूप उघडतं, पण थैली उचलायला आता डावाच हात उरलाय! मी श्वास रोखून वाचत होतो. त्या पानांवर जादू आहे, पण ती फुकटची नाही.

मधल्या भागात मात्र ती बोटं कुठे गेली? चोर भिंतीतून आरपार जातो, अदृश्य होतो, अख्ख्या पहाऱ्याला झोपवतो. अडचण आली की नवा मंत्र हजर. मग वाचकाला त्याची काळजी का वाटावी? तो सुटणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. मंत्र चालव, पण तो काय करू शकतो आणि काय नाही, हे संकट येण्याच्या बरंच आधी वाचकाला कळू दे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचा तिसरा अंक मुद्दाम वाच. त्यातल्या शर्विलक या चोराकडे योगरोचना नावाचा लेप आहे. तो लावला की पहारेकऱ्यांना तो दिसत नाही आणि शस्त्राने त्याला इजा होत नाही. तरीही शूद्रक त्याला राबवून घेतो. पाण्याने भिजून कमकुवत झालेली भिंत तो शोधतो, खिंडार कोणत्या आकाराचं पाडावं याचा विचार करतो, मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो. विटा काढताना बोटाला साप डसतो, तेव्हा तेच जानवं बोटाला बांधतो. लेप शस्त्रापासून वाचवतो, सापापासून नाही. दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडणारा हा माणूस मला फार आवडतो. पुरलेलं धन शोधायला तो मंतरलेलं बी टाकतो, ते फुलत नाही आणि घरमालक गरीब असल्याचं त्याला कळतं. इथे जादूने त्याची सोय केलेली नाही, उलट त्याला पेचात टाकलंय.

आणि तो चोरी का करतो? प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायला. पण ज्या वसंतसेनेकडून तिला सोडवायचं, तिनेच घरमालक चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले दागिने त्याने चोरलेत. इकडे चारुदत्ताची पत्नी भरपाईसाठी आपली रत्नमाला देऊन टाकते. चोरीचा माल हलला की दोन घरं हलतात. तुझ्या कादंबरीत लुटला गेलेला जवाहिऱ्या दुसऱ्या दिवसापासून गायबच आहे. त्याला परत आण. त्याच्या घरी सकाळी काय झालं, ते चोराच्या कानावर जाऊ दे.

राजघराण्याची वंशावळ काप. संवाद चांगले आहेत, त्यांना हात लावू नकोस. चोराच्या बहिणीला तू फक्त काळजी करायला ठेवलंयस, याचं मला खरंच वाईट वाटलं. कुलपांबद्दल ती जी दोन वाक्यं बोलते, त्यावरून तिला भावापेक्षा जास्त कळतं हे उघड आहे. मग योजना तिलाच आखू दे, आणि एकदा ती चुकूही दे.

सगळं एकदम लिहायला बसू नकोस. राजवाड्यातल्या चोरीचं प्रकरण आधी घे. त्यातला अदृश्य होण्याचा मंत्र काढून टाक आणि चोराला आत कसं जाता येईल ते शोध. तेवढंच प्रकरण मला पाठव.

तुझा,
एक जुना वाचक