वाचकांचे प्रश्न: देवावरून वाद घालायचाच असेल तर

गेल्या अंकात नास्तिकतेवर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. काही प्रेमाने विचारलेले, काही "तुमचं वर गेल्यावर कसं होणार" टाइपचे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यांच्यात दम वाटला ते घेतलेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

ताई, मी नास्तिक आहे म्हटलं की समोरचा लगेच "मग देव नाही हे सिद्ध करून दाखव" म्हणतो आणि माझी बोलतीच बंद होते. काय म्हणावं?

बोलती बंद व्हायचं काही कारण नाही. जो दावा करतो त्याने पुरावा द्यायचा, साधी गोष्ट आहे. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने 1952 मध्ये यावर किटलीचं उदाहरण दिलं होतं. पृथ्वी आणि मंगळाच्या मधे एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरतेय आणि ती इतकी बारीक आहे की कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही, असं मी म्हटलं तर मला खोटं कोणीच पाडू शकणार नाही, पण म्हणून ती आहेच असं मानायला कोणी बांधील नाही ना.

फक्त हाच नियम तुम्हालाही लागू होतो हे विसरू नका. "मला पटेल असा पुरावा अजून दिसला नाही" एवढंच म्हणालात तर तुमच्या डोक्यावर काही ओझं नाही, पण "देव नाहीच, शंभर टक्के" म्हणालात की तो तुमचा दावा झाला, मग बसा पुरावे गोळा करत. म्हणून आधी समोरच्याला विचारून घ्या, बाबा रे, तू कुठल्या देवाबद्दल बोलतोयस? विश्व सुरू करून देऊन बाजूला झालेल्या, की रोज प्रार्थना ऐकून आजार बरे करणाऱ्या? पहिल्याच्या बाबतीत तपासायला कोणाच्याच हातात काही नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आहे, आणि लोकांनी ते तपासलंय पण. 2006 मध्ये अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये एक अभ्यास आला, बायपास झालेले 1,802 पेशंट, 6 हॉस्पिटलं, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एका गटासाठी खरंच प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. ऑपरेशननंतर कॉम्प्लिकेशन झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे 52 आणि 51 टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला "तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार" असं सांगून प्रार्थना केली, तिथे 59 टक्के! यातला बराचसा पैसा टेम्पलटन फाउंडेशनचा, म्हणजे धर्म आणि विज्ञानाची सांगड घालणाऱ्या कामांना पैसे देणाऱ्या संस्थेचा होता, म्हणजे धर्माचं वावडं असलेल्यांनी काढलेलं खुसपट म्हणायलाही जागा नाही. पण यातून "देव नाही" हे सिद्ध होत नाही हं. अनोळखी लोकांनी लांबून केलेल्या प्रार्थनेने त्या पेशंटांचा त्रास कमी झाला नाही, एवढंच दिसतं. तेवढंच बोला, पुढे जाऊ नका.

एवढं अफाट, एवढं शिस्तीत चाललेलं विश्व आपोआप झालं असं तुम्हाला खरंच वाटतं?

हा सगळ्यात जुन्या मुद्द्यांपैकी एक आणि माझ्या मते सगळ्यात चांगला, त्यामुळे याला हसून उडवणाऱ्या नास्तिकांचा मला राग येतो. इंग्रजीत वाचणाऱ्यांना विल्यम पेली या इंग्रज पाद्र्याचं 1802 चं घड्याळ माहीत असतं, वाटेत घड्याळ सापडलं तर ते बनवणारा कोणीतरी असणारच, वगैरे. नैयायिकांनी, म्हणजे आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हेच कितीतरी आधी घड्यावरून मांडलं होतं. घडा हे कार्य, त्याला कर्ता कुंभार. पृथ्वीसुद्धा कार्य, मग तिलाही कर्ता पाहिजे, तो ईश्वर. उदयनाचार्यांनी 10व्या शतकात न्यायकुसुमांजली हा अख्खा ग्रंथ ईश्वर सिद्ध करायला लिहिला, आणि तो काही भाबड्या भक्ताचा ग्रंथ नाही, विरोधकांचा एकेक आक्षेप घेऊन त्याला भिडणारा आहे.

पण याची मेख धर्मकीर्ती या बौद्ध पंडिताने आधीच, साधारण 7व्या शतकात दाखवली होती. घडा मातीचा तसं वारूळही मातीचंच, मग वारूळही कुंभारानेच केलं म्हणायचं का? घडा बघून कुंभार आठवतो कारण घडे कसे होतात ते आपल्याला अनुभवाने माहीत आहे. विश्व होताना कोणी पाहिलंय? नुसतं "दोन्हीला आकार आहे" एवढ्या साम्यावरून कर्ता येत नाही. आणि हे म्हणणारे एकटे बौद्ध नव्हते, जैन, जुने सांख्य, कुमारिलासारखे मीमांसक, सगळ्यांनी सृष्टी घडवणारा ईश्वर नाकारलाय, वेद मानून नाकारलाय काहींनी. त्यामुळे "ही नास्तिकता बाहेरून आलेली फॅशन" म्हणणाऱ्याला खुशाल ही यादी ऐकवा.

डार्विनने 1859 मध्ये डोळ्यासारखी अवघड रचनासुद्धा पायरीपायरीने कशी होऊ शकते हे दाखवलं, तेव्हा सजीवांपुरता पेलीचा मुद्दा ढिला झाला. पण मुळात विश्वच का आहे, काहीच नसण्याऐवजी हे सगळं का आहे, याचं उत्तर डार्विनकडे नाही, तिथे सरळ "माहीत नाही" म्हणावं, लाजायचं कशाला.

मी आस्तिक आहे. माझा नास्तिक मित्र दर वेळी लहान मुलांच्या कॅन्सरवर येतो आणि मी निरुत्तर होते. मला तुमच्याकडून प्रामाणिक उत्तर हवंय, टोमणा नको.

टोमणा नाही मारत, उलट तुमची बाजू जमेल तेवढी भक्कम करून देते.

मित्र जो मुद्दा मांडतोय तो एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगतात. देवाला दुःख थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान नाही, येत असून थांबवत नसेल तर तो दयाळू नाही. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्झने 1710 मध्ये म्हटलं की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच सर्वोत्तम आहे, आणि मग 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी चर्च भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आणि आग, हजारो माणसं गेली. त्यानंतर ते वाक्य सहज उच्चारणं युरोपात अवघड झालं.

आता तुमच्या बाजूचं. 1974 मध्ये अल्विन प्लँटिंगा या तत्त्वज्ञाने दाखवलं की देव आणि दुःख एकत्र असणं तर्काने अशक्य आहे असं म्हणता येत नाही, कारण खरं स्वातंत्र्य असलेली माणसं हवी असतील तर त्यांनी वाईट निवडण्याची शक्यताही आलीच. बऱ्याच नास्तिक तत्त्वज्ञांनीही तर्कापुरतं हे मान्य केलं. म्हणजे मित्र "अशक्य" म्हणत असेल तर त्याला तिथे अडवा. पण तो "अशक्य नाही रे, पण पटण्यासारखं नाही" म्हणाला, तर वाद वेगळाच होतो. विल्यम रो या नास्तिक तत्त्वज्ञाने 1979 मध्ये जंगलातल्या वणव्यात भाजून, कोणी बघायलाही नसताना, दिवस न् दिवस तडफडून मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचं उदाहरण दिलं. त्यात माणसाची निवड कुठेच नाही. कॅन्सर झालेलं मूल त्याच जातीचं उदाहरण आहे. यावर मला तरी कुठलं आस्तिक उत्तर पूर्ण पटलेलं नाही. कर्माचा सिद्धांत हिशेब जुळवतो खरा, पण मग पूर्वजन्म वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि त्या मुलाच्या आईसमोर तो बोलून दाखवायची माझी तरी छाती नाही.

एक मात्र तुमच्या मित्राला जरूर सांगा, या मुद्द्याचा मार फक्त सर्वशक्तिमान आणि दयाळू अशा देवाला बसतो. जो दयाळू असल्याचा दावाच कोणी करत नाही त्याला काही होत नाही.

मानून काय बिघडतं? असला तर फायदा, नसला तर तोटा काय?

हा फ्रेंच गणिती पास्कल याचा सौदा, त्याच्या मृत्यूनंतर 1670 मध्ये छापला गेला. दिदरो या फ्रेंच विचारवंताने एका ओळीत निकाल लावला की कुठलाही इमाम हेच म्हणू शकेल. म्हणजे कुठल्या देवावर पैसे लावायचे? चुकीच्यावर लावले आणि खरा चिडला तर? शिवाय मनातून पटत नसताना नुसतं फायद्यासाठी मानणं देवाला कळणार नाही होय?

वाद घालताना मी भयंकर चिडते, नंतर झोप लागत नाही. सोडून देऊ का?

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, वादाचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला केलेला तो वाद, काहीही करून जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत सुटायचं ती वितंडा. आम्ही नास्तिक मंडळी वितंडेत फार पटकन घसरतो, कारण आमच्याकडे मांडायला कमी आणि पाडायला भरपूर असतं! जुन्या लोकांची एक पद्धत होती, आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल असं. 14व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाची, म्हणजे सगळ्या दर्शनांचं म्हणणं मांडणाऱ्या ग्रंथाची, सुरुवातच देव आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकांपासून होते, आणि चार्वाकांचं बरंचसं म्हणणं आज आपल्याला कळतं ते असं विरोधकांच्याच ग्रंथांमधून. तर पुढच्या वेळी समोरच्याला म्हणा, तुझं म्हणणं मी आधी माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर थांबव. निम्मी चिडचिड तिथेच जाते. आणि समोरचा तुमचं म्हणणं तसं सांगायला तयारच नसेल तर तो जल्प आहे, उठा आणि झोपा.

आई आजारी आहे, सतत प्रार्थना करत असते. मला पटत नाही. तिच्याशी यावर बोलू का?

नाही. वरचा बायपासवाला अभ्यास तर तिच्यासमोर काढूच नका, तो अनोळखी लोकांच्या प्रार्थनेबद्दल आहे, स्वतः प्रार्थना करून मनाला बरं वाटण्याबद्दल त्यात काही नाही. तिने विचारलं तर तुमचं मत खोटं न बोलता सांगा, ती म्हणाली जवळ बस तर बसा. फक्त कोणी येऊन तिला "गोळ्या बंद करा, श्रद्धा ठेवा" असं सांगायला लागलं तर गप्प बसू नका, त्या माणसाला दार दाखवा आणि तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.