पाच हजार वाचतात, पण कोणाच्या वेळेतून?

प्रश्न: ताई, मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवरा बुटीबोरी एमआयडीसीत; त्याला कंपनीची बस वर्धा रोडवरून घेऊन जाते. सध्या मनीषनगरला १२ हजार भाडं देतो. बुटीबोरीत तेवढंच घर, वर गच्ची, ७ हजारांत मिळतंय. घरमालक म्हणतात, मेट्रो आली की भाडं वाढेल, आत्ताच घ्या. मुलगी तीन वर्षांची, सासूबाई सोबत असतात. सगळे 'घेऊन टाक' म्हणतात. माझंच मन होत नाही.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: अगं, बसचं तू सहज लिहून गेलीस, पण मी तिथंच थांबले. आज तुझा नवरा फुकटात कामावर जातो, वर बसमध्ये डुलकीही होते. बुटीबोरीला राहायला गेलात की त्याची वाट वाचेल आणि तीच वाट तुझ्या वाट्याला येईल. तुला मात्र बस कोणी पाठवणार नाही.

आता हिशेब. स्कूटीने खापरी, तिथून मेट्रोने काँग्रेसनगर, आणि संध्याकाळी हेच उलटं. पेट्रोल, पार्किंग, तिकीट मिळून दिवसाला दीडशे धर. २५ दिवसांचे ३,७५० झाले. म्हणजे पाच हजारांतले हातात उरले १,२५०, आणि त्यासाठी तू रोज दोन-अडीच तास रस्त्यावर. तुझी दुपारपाळी असेल तेव्हा रात्री खापरीहून पुढे ट्रकांच्या रांगेतून एकटीने गाडी चालवायची. तुझं मन होत नाही म्हणतेस, ते बरोबरच सांगतंय.

मी हे भोगलं आहे. लग्नानंतर आम्ही कामठीला घर घेतलं, माझी नोकरी सीताबर्डीला. भाडं खरंच निम्मं होतं. नळ यायचा संध्याकाळी साडेसहाला, आणि मी तेव्हा बसमध्ये उभी. शेजारच्या आजी आमचे दोन ड्रम भरून ठेवायच्या. मे महिन्यात घरी पोचले की आधी कूलरची टाकी भरायची, बादलीमागून बादली, साडीचा पदर ओला होईस्तोवर, मग भाकरी. बाळ तोवर झोपलेलं असायचं. त्याचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. ते आजही सलतं. दोन वर्षांनी आम्ही शहरात परतलो.

मेट्रोचं म्हणशील, तर दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि त्यात मिहानपासून बुटीबोरीच्या बाजूला मार्ग आहे, हे खरं. पण उद्या सकाळी तुला आज धावणारी गाडीच लागणार. येणाऱ्या गाडीच्या भरवशावर आजचं भाडं ठरवू नकोस.

सगळ्यांनाच बुटीबोरी नको, असं मी म्हणत नाही. दोघंही तिकडेच कामाला असते तर मीच तुला सामान बांधायला लावलं असतं. मोकळी हवा, गच्ची, मुलीला खेळायला जागा, हे लहान सुख नाही. तुमच्या घरात मात्र मनीषनगरच बरोबर: त्याची बस वर्धा रोडला, तुझी मेट्रो उज्ज्वलनगरला. बारा हजार जड जात असतील तर बेसाच्या बाजूला आतल्या गल्लीत शोध, हजार-दोन हजारांचा फरक पडू शकेल. फक्त स्टेशनपर्यंत रात्री चालत जाऊन बघ, रस्त्यावर दिवे आहेत का.

घर कुठलंही घ्या, करार नोंदवूनच घ्या, अकरा महिन्यांचा असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती केली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. एक महिन्याच्या नोटिशीची अट त्यात लिहून घे.

तरी घरच्यांना पटत नसेल, तर आठवडाभर नवऱ्याने बस सोडावी आणि तुझ्या पाळीच्या वेळेला स्कूटीने खापरी, मेट्रोने काँग्रेसनगर, रात्री परत बुटीबोरीपर्यंत, असं जाऊन यावं. शनिवारी त्यालाच विचार, आगाऊ रक्कम द्यायची का. आणि मला कळव.