बाईंना विचारा : जावळ काढलं अन् दोन भवरे निघाले

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही दारव्हा तालुक्यातले. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे, मागच्या महिन्यात त्याचं जावळ काढलं. न्हावीदादानं वस्तरा फिरवला अन् एकदम म्हणाले, "वैनी, याले त दोन भवरे हायेत." झालं, तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. आत्यासासू म्हणते दोन बायका करन हा. सासूबाई म्हणतात आमच्या खानदानात असं नाही, तुमच्या माहेरून आलं. जाऊबाईंची पोरं त्याला 'डब्बल भवरा' अशीच हाक मारतात अन् तो जरा रडला की सगळे म्हणतात, पहा, हट्टी राहणारच. यांना नुसतं हसू येतं, मला मात्र झोप नाही. डोक्यात आतून काही दोष तर नसेल ना? एकानं शांती करायला सांगितली, २१०० रुपये सांगतो. करू का?

उत्तर : ते २१०० आधी कपाटात ठेवून द्या, मग बोलू.

भवरा म्हणजे (पुस्तकात भोवरा लिहितात, पण आपण भवराच म्हणू) डोक्यावरची ती जागा जिथून केस गोल फिरून चहूकडं निघतात. केसांची मुळं पोटातच बसतात, दहाव्या आठवड्याच्या आसपास सुरुवात होते अन् अठराव्या आठवड्यापर्यंत काम जवळपास उरकलेलं असतं, म्हणजे तुमचं पोट दिसायला लागलं तेव्हाच त्याचे भवरे ठरून गेले होते. त्याच दिवसांत आतला मेंदू भराभर वाढतो, वरची कातडी ताणली जाते अन् मुळं सरळ न राहता तिरपी होतात, असं त्याचं कारण सांगतात. वादळात ज्वारी लोळते तेव्हा कशी सगळी एका अंगाला पडते अन् मधेच एका जागी गरकन फिरलेली दिसते, तसं समजा. बहुतेकांच्या डोक्यात असा एकच भवरा असतो अन् तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. दोन भवरेवाले शंभरात साधारण पाच, म्हणजे आपल्या गावच्या दोनशे पोरांच्या शाळेत दहाएक निघतील, फक्त केस वाढले की कोणाला दिसत नाही. जावळ काढलं म्हणून तुम्हाला दिसलं, एवढंच. अन् आता कितीदाही वस्तरा फिरवा, मुळं जागची हलत नाहीत, तेव्हा परत परत टक्कल करून लेकराला त्रास देऊ नका.

दोषाचं विचारलंत. नुसते दोन भवरे हा दोष नाही, आजारही नाही. पण लसीकरणाला जाल तेव्हा सिस्टरला टेप लावून डोक्याचा घेर मोजायला सांगा. वयाच्या मानानं डोकं फारच लहान असेल, लेकरू आधाराशिवाय बसत नसेल, आवाजाकडं वळून पाहत नसेल किंवा भवऱ्याच्या जागी केस नसलेला चट्टा असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, अन् हे भवरा एक असला तरी दाखवायचंच. सासूबाई भवऱ्यालाच टाळू समजून तेलानं दाबत असतील तर तेही थांबवा. टाळू समोरच्या बाजूला असते, साधारण दीड वर्षापर्यंत आपली आपण भरते, तिला दाबावं लागत नाही.

आता माहेर-सासर. २०२३ साली चिनी लोकांवर एक अभ्यास झाला, त्यात भवऱ्याची दिशा ठरण्याशी जोडलेल्या जनुकांच्या चार जागा सापडल्या, म्हणजे एकाच घराण्यातून सरळ उचलून आणली अशी ही वस्तू नाही. तरी सासूबाई ऐकत नसतील तर नवऱ्याचे केस ओले करून एकदा पाहून घ्या. सासऱ्यांचे पाहायला जाऊ नका, त्यांना टक्कल असेल तर पुरावा आधीच गेलेला आहे!

दोन बायकांचं म्हणाल तर हे फक्त आपल्याकडंच नाही, कोरियातही दोन भवऱ्यांचा माणूस दोनदा लग्न करतो असंच म्हणतात अन् फिलिपिन्समध्ये अशा पोराला हट्टी, खोडकर ठरवतात. आमच्या लहानपणी गावात दोन बायकांचे बाप्ये होते की, पण त्यांचे भवरे कोणी मोजल्याचं मला आठवत नाही. ज्याच्या पहिलीला पोरगा झाला नाही किंवा ज्याच्याकडं वावर चिक्कार होतं तो दुसरी आणायचा, कारण साधं होतं. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला अन् पहिली असताना दुसरी करणं बंद झालं. भवरे तेवढेच राहिले, बायका कमी झाल्या.

मला खरी काळजी त्या 'डब्बल भवरा' हाकेची वाटते. माझ्या वर्गात असा एक होता, सगळे त्याला भवऱ्याच म्हणायचे, नाव फक्त हजेरीपटावर. मागच्या बाकावर कोणी चिमटा काढला की सगळी पोरं याच्याकडं बोट दाखवायची अन् मीही, खोटं कशाला बोलू, दोनदा त्यालाच उभं केलं. मग सहावीत त्यानं काय युक्ती काढली, गृहपाठ केला नाही की डोकं खाजवत म्हणायचा, "मी दोन भवऱ्याचा हाय ना बाई, मले जमतच नाही." वर्ग हसायचा अन् तो बसून जायचा. चौदा महिन्यांचं लेकरू रडतं ते भुकेनं, झोपेनं नाहीतर दात येतात म्हणून. जाऊबाईंच्या पोरांना सांगा त्याला त्याच्या नावानं हाक मारायची, अन् नवऱ्यालाही सांगा, हसून सोडू नका म्हणावं, त्याच्या हसण्यानंच ते नाव पक्कं होऊन रायलं.

प्रश्न : बाई, मी आर्वी तालुक्यातला कास्तकार, वय सत्तर. तुम्ही मागं लिवलं का भवऱ्यात काई नसते. मंग आमी बैल घेतानी भवरा काऊन पायतो? गोम (अंगावरची उलट्या केसांची रेघ) पायतो, भवरा पायतो, तवा पैसे मोजतो. आमच्या बापजाद्याले अक्कल नोती काय? जनावराचा भवरा खरा अन् मानसाचा खोटा, हे कसं?

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर नुसतं 'अंधश्रद्धा' म्हणून संपत नाही.

१९९५ साली अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या बाईनं अन् तिच्या सोबत्यांनी सुमारे १५०० गुरांच्या कपाळावरचे भवरे पाहिले अन् शिकंज्यात धरल्यावर कोणतं जनावर किती बिथरतं ते टिपून ठेवलं. ज्यांचा भवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर होता ती जास्त उसळत होती, खाली असलेली त्यामानानं शांत. कातडी अन् मज्जासंस्था पोटात एकाच थरातून बनतात, म्हणून दोन्हींचा असा काही धागा असावा असं ते लोक म्हणतात. तेव्हा तुमच्या बापजाद्यांची नजर अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण नीट पहा, तिथं भवरा कुठं आहे ते मोजलं अन् जनावर बिथरतं का ते पाहिलं. मालक मरेल, घरात बरकत येईल, असलं काही त्यात मोजलं नव्हतं, अन् आपण बाजारात नेमकं तेच पाहतो.

आमच्या बाबांनी एकदा गवळाऊ जातीचा गोऱ्हा आणला. त्याच्या पाठीवर खांद्यामागं गोम होती, म्हणून रुमालाखाली बोटं धरून दलालानं बराच भाव उतरवला होता. बाबा अंगठ्यानं ती गोम उलटी चोळायचे, केस दबायचे, अंगठा उचलला की पुन्हा तशीच उभी. आईनं पोळ्याला त्याला ओवाळलं पण तोंड फिरवून ओवाळलं. त्यानं आमच्याकडं नऊ वर्षं वखर ओढला, डवरा ओढला, पऱ्हाटीत एक ओळ कधी वाकडी गेली नाही. त्याचा जोडीदार मात्र बिनगोमीचा, बिनडागी, जास्त पैसे मोजून आणलेला, तो दुपारी बारा वाजले की जू मानेवर असतानाच बसकण मारायचा, शेपटी पिरगाळा, काही करा, ऊन उतरल्याशिवाय उठायचा नाही. बाबा म्हणायचे, याची गोम आत हाय.

'यात काहीतरी गोम आहे' असं आपण बोलतो ना, ते याच बाजारातून आलं असावं. मला तर वाटतं माणसाच्या भवऱ्याचं खूळही तिथूनच घरात शिरलं असावं. बैल घेताना खोट शोधावीच लागते भाऊ, पैसे आपले असतात. नातू काही आपण विकत घेतलेला नसतो.

प्रश्न : बाई, मी बी.ए. झाली, वय बावीस, वणीकडची. मागच्या रविवारी पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या मावशीनं "गजरा लावून देतो बेटा" म्हणत वेणी सोडली अन् बोटांनी केस बाजूला करत पार डोक्याच्या शेंड्यापर्यंत गेली. मला दोन भवरे आहेत. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आई म्हणते पुढच्या वेळी उंच जुडा बांध, सोडू देऊ नको. लपवू का?

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्या गजऱ्यानं मला राग आणला, फुलाचा असा उपयोग!

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. पोराला दोन भवरे निघाले की बाया हसतात, दोन बायका करन म्हणतात, अन् पोरगाही मिशीत हसतो. पोरीला तेच निघाले की कोणी हसत नाही, आवाज खाली जातो, कारण तिच्या दुसऱ्या लग्नाचा अर्थ पहिला नवरा जाणार असा लावतात. भवरा तोच, केस तेच. यात शास्त्र असतं तर दोघांना एकच नियम लागला असता ना.

लपवू नको. लपवलं की तुझ्याच मनात ती खोट होऊन बसेल अन् पुढं सासरी कोणी न्हाऊ घालताना पाहिलं की 'फसवलं' म्हणायला मोकळे. एखाददुसरं स्थळ जाईल, गावात चार बाया बोलतील, हे मी नाकारत नाही, जड जातं ते. आईला हे पान वाचून दाखव.

अन् पाहायचंच असेल ना, तर पाहण्यासारखं एक आहे. आपल्या विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडं तर जास्तच, सिकलसेल हा आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार आहे. दिसायला ठणठणीत असलेले नवरा-बायको दोघंही वाहक निघाले (म्हणजे आजार नाही, पण पुढं देऊ शकतात) तर प्रत्येक बाळंतपणात लेकराला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सरकारनं २०२३ पासून त्याची देशभर मोहीम काढली आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट होते अन् ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या पुढच्या तपासणीनं पक्कं कळतं. तू तुझा रिपोर्ट काढून ठेव अन् पुढच्या पाहुण्यांना चहा देताना सरळ विचार, मुलाचा काढला का म्हणून. मावशी तुझे केस चाळू शकते तर तू एवढं विचारूच शकते.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझे मागचे केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, कटिंगवाले काका म्हणतात दोन भवरे आहेत. जेल लावू का?

उत्तर : जेलनं दुपारपर्यंत बसतील, मधल्या सुट्टीत खेळलास की पुन्हा उभे. दोन भवऱ्यांच्या मधले केस एकमेकांवर आदळतात म्हणून तुरा होतो. काकांना सांग तिथं मशीन लावू नका, तेवढे केस कात्रीनं थोडे लांब ठेवा, वजनानं बसतात. सकाळी ओले असताना केस ज्या बाजूला फिरतात त्याच बाजूला कंगवा फिरव, उलटा नको. अन् अंघोळ करून ओल्या डोक्यानं टोपी घालून पाहिलीस का कधी? दहा मिनिटं ठेव, मग सांग.