‘शाळा प्रेमळ आहे हो, पण शिकवत काहीच नाहीत!’

“मॅडम, शाळेबद्दल तक्रार अशी काही नाही. ताई जीव लावतात, पोरगा हसत जातो. पण शिकवत काहीच नाहीत हो!”

पूर्वा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलून मोकळी झाली. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोबत नवरा, समीर, तो गप्प होता. मुलगा ईशान, सव्वाचार वर्षांचा. घराजवळच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर भरणाऱ्या बालवाडीत तो जातो. मुलं बावीस, दोन ताई, एक मावशी.

नणंदेचा मुलगा ईशानहून दोन महिन्यांनी लहान. तो मोठ्या इंग्रजी शाळेत जातो, शंभरपर्यंत अंक लिहितो. गणपतीत सगळे जमले तेव्हा आजोबांनी दोघा नातवंडांना समोर उभं केलं. भाच्याने धडाधडा म्हणून दाखवलं, टाळ्या मिळाल्या. ईशान आईच्या ओढणीआड गेला. “येतं काय याला?” असं आजोबा म्हणाले. तेव्हापासून पूर्वाच्या मनाने घेतलं होतं की आपण मुलाचं नुकसान करतोय. त्या मोठ्या शाळेचा प्रवेशअर्ज तिने पर्समध्ये भरून ठेवला होता.

ही काळजी प्रवेशाच्या दिवसांत माझ्याकडे हमखास येते आणि मी ती खोटी मानत नाही. आपलं मूल मागे पडेल ही भीती जिवाला लागणारीच आहे. म्हणून उपदेश न करता मी एकच विचारलं : ईशान घरी शाळा-शाळा खेळतो का?

उत्तर समीरने दिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच बोलत. “रोज. आजीला विद्यार्थी करतो.”

“आणि आजीला काय सांगतो?”

“‘तुला आता बोलायचं नसेल तर नको बोलूस. माझ्याजवळ बस. बोलावंसं वाटलं की सांग.’”

दोघंही क्षणभर थांबले. मग हळूहळू मागचं निघालं. ईशान उशिरा बोलायला लागला. कानांची तपासणी झाली होती, ऐकू नीट येत होतं. वाचा-उपचारही सुरू होते. तीन वर्षांचा असताना त्याला आधी एका मोठ्या शाळेत घातलं होतं. तिथे कविता म्हणता येईना म्हणून त्याला वर्गापुढे उभं करत. पंधरा दिवसांत तो सकाळी उठला की ओकायला लागला, गणवेश दिसला की चड्डीत शू व्हायची. दीड महिन्यात त्याला काढलं. या बालवाडीत आल्यावर पहिले आठ-दहा दिवस तो ताईंच्या साडीचा पदर धरून नुसता बसून असे. त्यांनी बसू दिलं. घरी आजीला तो जे ऐकवतो, ते तेव्हाचं ताईंचं वाक्य होतं.

“हे सगळं आम्ही विसरूनच गेलो होतो,” पूर्वा म्हणाली.

विसरणारच. मूल सुखात असलं की त्या सुखामागचे कष्ट आपल्याला दिसेनासे होतात. बोलायला घाबरणाऱ्या मुलाच्या तोंडून आज अशी पूर्ण वाक्यं येतात, हे त्या शाळेने शिकवलेलंच आहे. ते वहीत दिसत नाही, इतकंच.

लिहिण्याचं म्हणाल, तर मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात, सगळी हाडं पक्की व्हायला दहा-बारा वर्षं जातात. चार वर्षांच्या बोटांना माती मळणं, कागद फाडणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं हवं असतं. पेन्सिलीवरची पकड त्यातूनच येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं, तेव्हा पानं, शंख-शिंपले, बिया हीच साधनं केली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

पण माझ्या सांगण्यावर विसंबू नका, असं मी पूर्वाला म्हटलं. ताईंना विचारून एक सकाळ तिथे बसा. अर्ज पर्समध्ये राहू दे.

ती बसली, आणि पुढच्या भेटीत बराच वेळ तीच बोलत होती. खाऊच्या वेळी ताटल्या मांडायचं काम ईशानकडे होतं. त्याने मांडल्या, मुलं मोजली आणि म्हणाला, “दोन उरल्या. मीरा आणि कबीर आले नाहीत.” चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग तो करत होता. गोष्ट मध्येच थांबवून ताईंनी “पुढे काय झालं असेल?” विचारलं, तेव्हा त्याने अडखळत उत्तर दिलं आणि बाकीची सगळी मुलं थांबून राहिली. “मॅडम, कुणी त्याचं वाक्य पुरं केलं नाही.” हे सांगताना तिचाच आवाज अडखळला.

इथे एक मात्र स्पष्ट सांगते. शाळा लहान आणि प्रेमळ आहे एवढ्याने भागत नाही. चार खोल्यांत मुलं नुसती सांभाळणाऱ्या, दिवसभर टीव्ही लावून ठेवणाऱ्या जागाही मी पाहिल्या आहेत. रोज गोष्ट होते का? मुलांना बोलायला मिळतं का? रडणारं मूल कुणाकडे धाव घेतं, आणि ते माणूस खाली बसून त्याचं ऐकतं का? तुमच्या मुलाचं या महिन्यात काय बदललं हे ताईंना सांगता येतं का? उत्तरं ‘नाही’ असतील, तर शाळा जरूर बदला.

समीरची शंका शेवटी बाहेर आली : “पहिलीच्या मुलाखतीत काय होणार?” बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी घ्यायला मनाई केली आहे, हे त्याला माहीत नव्हतं. पुष्कळ पालकांना नसतं. तरी त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. वर्षभर इथेच ठेवायचं, दर दोन महिन्यांनी ताईंशी बसून बोलायचं, एवढं त्याने कबूल केलं. आजोबांनाही त्यानेच सांगितलं की पाहुण्यांसमोर पोराला म्हणायला लावायचं नाही.

परवा पूर्वाचा फोन आला. जेवणाची पानं आता ईशान घेतो आणि आजोबांना विचारतो, “आज किती जण?”